सफारी बोरिवलीची आणि सफारी ताडोब्याची

दिवाळीत आमचे जावईबापू मुंबईहून आले आणि पारावर बसून सांगू लागले, "बोरिवलीला सफारी केली, वीस मिनिटांत वाघ दिसला!" ऐकणाऱ्यांत ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरचा एक जिप्सीवाला, म्हणजे सफारीची उघडी गाडी चालवणारा, होता. तो हसला. "बापू, आम्ही लोकायले तीन-तीन फेऱ्या फिरवतो, तरी दिसन का नाही सांगता येत नाही."

शब्द एकच, गोष्टी दोन. दोन्हीकडे पाटी राष्ट्रीय उद्यानाची, म्हणून घोळ आणखीच वाढतो. आमचं चंद्रपूरचं ताडोबा 1955 पासूनचं, राज्यातलं पहिलं. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान मुंबईच्या पोटात, साधारण 104 चौरस किलोमीटर. पण तिथली वाघ-सिंहांची सफारी म्हणजे त्या जंगलातला कुंपण घातलेला तुकडा. जाळी लावलेल्या बसमधून माणसं फिरतात, वाघाला मांस ठरल्या वेळी मिळतं. तिथला सुल्तान नावाचा वाघ तर 2019 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यातून नेलेला. म्हणजे जावईबापूंनी मुंबईत जाऊन आपलाच पाहुणा पाहिला म्हणा!

ताडोब्यात कुंपण नाही. जिप्सीवाला इंजिन बंद करून कान देतो. चितळ ओरडलं, वानर झाडावरून खेकसलं, की गाडी तिकडे. बरेचदा हाती लागतो तो धुळीतला ताजा पंजा, बस. आणि हाच वाघ संध्याकाळी आमच्या शेताच्या धुऱ्यावरूनही जातो. म्हणून चैत्रात मोहफुलं वेचायला बाया एकट्या जात नाहीत, घोळक्यानं जातात, मध्येमध्ये हाळी देतात. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता बोरिवलीला नुसतं प्राणिसंग्रहालय समजाल तर तीही चूकच. सफारीच्या कुंपणाबाहेरचं जंगल खरंच रानटी आहे. पन्नासच्या आसपास बिबटे तिथे मोकळे फिरतात, रात्री वस्तीच्या कडेला येऊन भटकी कुत्री उचलतात. तिकीट काढून दिसतो तो वाघ कुंपणात पाळलेला. रानातला बिबट्या मात्र बसवाल्यांना सहसा दिसत नाही.

जायचंच असेल तर बोरिवली सोमवारी बंद, ताडोबा मंगळवारी. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभाही बंद असतो, बफर म्हणजे गाभ्याभोवतीचं जंगल तेवढं चालू. जावईबापूंनी बुधवार सकाळची जिप्सी सांगून ठेवली आहे. स्वेटर आणा, असं जिप्सीवाल्यानं दोनदा बजावलं.