बफर ओव्हरफ्लो आणि सेवाबंदी (एफटीपी सर्व्हरमधील दोष)

फाइलींची ने-आण करणाऱ्या सर्व्हरमधले हे दोन दोष. बफर ओव्हरफ्लो म्हणजे मेमरीत राखलेल्या जागेबाहेर माहिती सांडणे, सेवाबंदी म्हणजे सर्व्हर कामाला येईनासा होणे. दोषांच्या नोंदीत ते वेगळे लिहिले जातात, पण पुष्कळदा चूक एकच असते : समोरून किती येणार याचे माप न घेता ते आत घेणे.

एफटीपी (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे फाइली पाठवण्याचे नियम) याचा पहिला मसुदा कानपूर आयआयटीत शिकलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत लिहिला. आजचे रूप १९८५ चे. पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार) साध्या अक्षरांत आज्ञा येतात : यूझर (नाव), पास (पासवर्ड), लिस्ट (फाइलींची यादी). सर्व्हर सी भाषेतला असेल आणि लिहिणाऱ्याने नावासाठी २५६ बाइटांची जागा राखली असेल, तर तिथे २००० अक्षरे पाठवणाऱ्याला सी भाषा स्वतःहून अडवत नाही. पायलीत ढोलाभर ज्वारी ओतली तर ती अंगणात सांडते. मेमरीत अंगण नसते, शेजारी दुसराच माल असतो. त्या मालात फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता असतो. तो नेमका बदलता आला तर सर्व्हर परक्याचा कोड चालवू लागतो. नेमका बदलला नाही, तर प्रोग्रॅम कोसळतो आणि सेवा बंद पडते. यूझर ही आज्ञा पासवर्डच्या आधी येते, ती कुणालाही पाठवता येते, म्हणून तिथला दोष सर्वांत वाईट.

फेब्रुवारी १९९९ मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडी आणि प्रोएफटीपीडी या दोन्ही एफटीपी सर्व्हर प्रोग्रॅमांत लांबलचक फोल्डरनावांमुळे होणारा ओव्हरफ्लो उघड झाला. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हर प्रोग्रॅममधला २००९ चा दोष (दोषांच्या यादीत सीव्हीई-२००९-३०२३) त्याहून बोलका आहे. फाइलींची नावे मागणाऱ्या एनएलएसटी आज्ञेतली तीच चूक आवृत्ती ५ वर परक्याचा कोड चालवू देई. आवृत्ती ६ मध्ये परतीच्या पत्त्याआधी पहाऱ्यासाठी एक गुप्त संख्या ठेवलेली असल्याने तिथे धोका सेवा बंद पडण्यापर्यंत उतरला. पहारा मोडलेला दिसताच प्रोग्रॅम स्वतःच थांबतो.

ओव्हरफ्लोशिवायही सेवाबंदी होते. लॉगिन न करता जोडण्या धरून बसले की ठरलेली संख्या भरते. २००१ मध्ये तारांकने (कोणतेही नाव) आणि दोन टिंबे (वरचा फोल्डर) यांची साखळी असलेली एक छोटी लिस्ट आज्ञा अनेक सर्व्हरांचा प्रोसेसर आणि मेमरी खाऊन टाके.

ग्रामीण विदर्भात असा सर्व्हर कुणी ‘सर्व्हर’ म्हणून ओळखत नाही. दारव्हा, अचलपूर, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातले मशीन स्कॅन केलेला सातबारा एफटीपीनेच शेजारच्या संगणकात टाकत असू शकते. जिनिंगमधला कॅमेरा चित्रे तशीच पाठवू शकतो. तो संगणक अजूनही विंडोज ७ वर असू शकतो, ज्याची सुरक्षा दुरुस्ती सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० ला थांबली. मोबाइल डेटावर बाहेरच्याला बहुधा थेट शिरता येत नाही. धोका सुरू होतो तो कॅमेरे बसवणारा ‘घरून दिसू द्या’ म्हणून फायबरच्या राऊटरवर पोर्ट उघडून जातो तेव्हा.

निदानाचे अवघड आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य सेतू केंद्रावर रोजचे. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी ते खरेच गर्दीमुळे असू शकते. त्याला हल्ला म्हणू नये. पण याच सवयीमुळे कोसळलेला एफटीपी प्रोग्रॅमही लाईन गेल्याच्या खात्यावर जमा होतो. कुणीतरी तो पुन्हा चालू करतो, म्हणजे लांबलचक आज्ञा पाठवणाऱ्याला परतीचा पत्ता जुळवायला आणखी एक संधी देतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत माणसाची वाट अडवणेही येते. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपाय मात्र दुकानातच होतात : राऊटरवरचे पोर्ट बंद करणे, अनामिक प्रवेश काढणे, एका संगणकाच्या पत्त्यावरून किती जोडण्या आणि रिकामी जोडणी किती वेळ हे ठरवणे, प्रोग्रॅम ताजा ठेवणे. बाहेर पाठवायचेच असेल तर एसएफटीपी (मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी पद्धत). पण त्याने वाटेतली चोरी थांबते, सर्व्हरमधली चूक नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रोग्रॅम कोसळल्याची नोंद राहते. तिच्यात चुकीच्या पत्त्याच्या जागी ४१४१४१४१ दिसले तर लाईनचा काही संबंध नाही. सोळाच्या पायातले (हेक्साडेसिमल) ४१ म्हणजे इंग्रजी कॅपिटल ‘ए’, आणि ओव्हरफ्लो चाचपणारे बहुधा तेच अक्षर ओळीने भरून पाठवतात.