नाक उचललं की चाकं फितूर

चाकांचे कोन तपासणाऱ्या अलाइनमेंटच्या मशीनने दिलेल्या कागदावर सगळे आकडे हिरव्या चौकटीत आहेत. हायवेवर गाडी सुतासारखी सरळ जाते. तीच पिकअप ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर नेली, हिरवा दिवा लागला, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला, की स्टेअरिंग एकदम हलकं पडतं आणि गाडी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला सरकू लागते. मालक परत गॅरेजात जातो, मेकॅनिक गाडी पुन्हा मशीनवर चढवतो, पुन्हा सगळं हिरवं. मालक म्हणतो गाडी भरकटते, मेकॅनिक म्हणतो चाकं सरळ आहेत, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

विदर्भातला शंकरपट पाहिलेल्यांना ड्रॅग रेसिंग समजावून सांगावं लागत नाही: दोघं शेजारी शेजारी, सरळ धाव, वळण नाही, आणि निकाल काही सेकंदांत. अमेरिकेत ही धाव परंपरेने पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. तिथली सर्वांत मोठी संघटना, एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन), १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी सुरू केली. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट डोळ्यांसमोर येतात, पण अमेरिकेत पिकअप पळवण्याची हौस जुनी आहे. १९९१ साली जीएमसी या अमेरिकन कंपनीने 'सायक्लोन' नावाची टर्बो लावलेली, चारही चाकं ओढणारी, २८० अश्वशक्तीची पिकअप विकायला काढली. १९९८ ते २००१ या काळात तर एनएचआरएने 'प्रो स्टॉक ट्रक' असा वेगळा गटच चालवला. आजही हौशी लोकांना शेवरले एस-१० सारखी छोटी जुनी पिकअप लागते. हलकी, स्वस्त, आणि बॉनेटखाली मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवायला जागा.

गाडी सुटताना मागची चाकं रस्ता मागे ढकलतात. तो जोर जमिनीच्या पातळीवर लागतो, पण गाडीचा गुरुत्वमध्य त्याच्या अर्धा-पाऊण मीटर वर असतो. म्हणून गाडी पुढे जाते तशीच मागे कलंडूही पाहते, पुढच्या चाकांवरचा भार उतरतो आणि मागच्यांवर चढतो. किती? गाडीचं वजन गुणिले त्वरण (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. एस-१०च्या आखूड मॉडेलमध्ये हे अंतर सुमारे २.७५ मीटर आहे. वजन १,६०० किलो, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणि सुटतानाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं धरलं, तर साधारण ३५० किलोचा भार पुढून मागे जातो. प्रत्येक चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला ३ किलो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६ किलो धरला, तर नाक सुमारे ५८ मिलिमीटर वर येतं.

म्हणजे गॅरेजातल्या मशीनने मोजली ती उभी गाडी. धावते ती दुसरीच, नाक सहा सेंटिमीटर वर असलेली.

(सर्वांत वेगवान 'टॉप फ्युएल' ड्रॅगस्टरना ही भानगडच नसते. त्यांच्या चाकांमधलं अंतर ३०० इंच, साडेसात मीटरहून जास्त, आणि सस्पेन्शन मुळी नाहीच. पिकअपवाल्याच्या नशिबी ते सुख नाही.)

पण पुढच्या चाकांना दोष देण्याआधी एक गोष्ट तपासायची, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गाडी तिरकी नेमकी कधी जाते? सुटताना पुढची चाकं जमिनीपासून उचललेली असतील, किंवा नुसती टेकलेली असतील, आणि त्याच क्षणी नाक वळत असेल, तर त्यात अलाइनमेंटचा काय संबंध? हवेतलं चाक गाडी वळवू शकत नाही. तो उद्योग मागच्या ॲक्सलचा. इंजिनाचा पीळ प्रोपेलर शाफ्टमधून मागे जातो आणि आख्खा ॲक्सल आडवा फिरवू पाहतो. त्यामुळे नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनाच्या गाडीत डावं मागचं चाक जमिनीवर जास्त दाबलं जातं, उजवं हलकं होतं. डावं चाक जास्त ढकलतं आणि नाक उजवीकडे जातं. त्यावर औषध मागेच करायचं असतं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालून तिथला दाब वाढवतात.

पिकअपला मागे बहुधा कमान-पाटे असतात. जोराच्या पिळाने पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, ॲक्सल उड्या मारू लागतो. पाट्यांच्या मधला बोल्ट तुटलेला असेल किंवा त्याचं भोक झिजलेलं असेल, तर ॲक्सलची एक बाजू दोन-चार मिलिमीटर पुढे सरकते. मग गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालते, आणि ती सरळ ठेवायला ड्रायव्हर नकळत स्टेअरिंग वळवून धरतो. पाहणाऱ्याला वाटतं पुढचं अलाइनमेंट गेलं. तेव्हा दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर टेपने मोजून पाहावं. दहा मिनिटांचं काम आहे.

आता समजा, सुटताना गाडी सरळ आहे, पण पन्नास-शंभर मीटरनंतर, नाक अजून वर असताना आणि चाकं जमिनीवर असताना ती भरकटते. मग संशय खरोखर पुढच्या चाकांवर.

वरून पाहिलं तर दोन्ही चाकांचे पुढचे काठ किंचित आत वळलेले असणं म्हणजे टो-इन, बाहेर वळलेले म्हणजे टो-आउट, म्हणजेच फेंगडी चाकं. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना रस्ता मागे रेटतो, सांध्यांतल्या बुशांचं रबर थोडं दबतं आणि चाकं फेंगडी होऊ पाहतात. म्हणून उभ्या गाडीत ती आधीच दीड ते तीन मिलिमीटर आत वळवून ठेवतात. धावताना ती सरळ यावीत हा हिशेब. (सायक्लोनसारख्या चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांना उलट आत खेचतं, तिथे हाच आकडा चालत नाही.) टो-आउटमध्ये आतलं चाक वळणाच्या दिशेने आधीच तोंड करून असतं, गाडी वळायला उतावळी होते. वळणावळणाच्या शर्यतीत काही जण मुद्दाम असं करतात. ताशी १७० किलोमीटरवर, भार कमी झालेल्या पुढच्या चाकांवर मात्र कुणाला उतावळी गाडी नको असते.

आणि इथे ती फितुरी घडते. चाक वरखाली होतं ते त्याला चेसिसशी जोडणाऱ्या दोन आर्मच्या (दांड्यांच्या) आधाराने, एका कमानीत. चाकाची दिशा धरून ठेवणारा टाय रॉडही कमानीतच फिरतो, पण त्याची बिजागरी वेगळ्या जागी, त्याची लांबी वेगळी. एका दाराच्या दोन बिजागऱ्या एका रेषेत नसल्या की दार कसं कुरकुरतं आणि अडतं? इथे दार अडत नाही, चाक वळतं. ड्रायव्हरने स्टेअरिंगला हातही लावलेला नसतो. याला बंप स्टिअर म्हणतात.

आकडा घालून पाहू. टाय रॉड ४०० मिलिमीटर लांब आणि उभ्या गाडीत आडवा आहे. नाक ५८ मिलिमीटर वर गेलं की टाय रॉडचं बाहेरचं टोक चार मिलिमीटरहून थोडं अधिक आत ओढलं जातं. आर्मच्या कमानीमुळे चाकही तितकंच आत आलं तर काही बिघडत नाही. समजा ते दोनच मिलिमीटर आलं. उरलेल्या दोन मिलिमीटरनी स्टेअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड चाकाला ज्या दांड्याने वळवतो तो, ओढला जातो. त्याची लांबी १५० मिलिमीटर असेल तर चाक पाऊण अंश फिरतं. पाऊण अंश डोळ्याला दिसत नाही. पण तेवढ्याच तिरकेपणाने ते चाक एकटं सोडलं, तर शर्यतीच्या टोकाला पोहोचेपर्यंत ते पाच मीटर बाजूला गेलेलं असेल. दोन्ही चाकं विरुद्ध दिशांना असं ओढतात म्हणून गाडी मधोमध राहते. एखाद्या चाकाला जास्त पकड मिळेपर्यंतच. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर हा ओढा चाकं फेंगडी करतो, पुढे असेल तर आत वळवतो.

हे बरं करायचा भूमितीचा नियम सुटसुटीत आहे. वरचा आणि खालचा आर्म मनातल्या मनात लांबवले तर जिथे मिळतात, टाय रॉडची रेषाही त्याच बिंदूतून जायला हवी. आणि टाय रॉडचा आतला सांधा त्या दोन आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा हे बऱ्यापैकी जुळलेलं असतं. बिघडवतो तो मालक. गाडी खाली दिसावी म्हणून स्प्रिंग कापली की आर्म आणि टाय रॉड दोन्ही आपापल्या कमानीत वेगळ्या जागी जाऊन बसतात. त्यापेक्षा ज्यात चाकाचा स्पिंडलच (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) वर बसवलेला असतो ते 'ड्रॉप स्पिंडल' महाग पडले तरी चांगले, कारण गाडी खाली येते पण आर्मचे कोन जागच्या जागी राहतात.

दुरुस्ती करताना स्प्रिंग काढून ठेवतात, चेसिस स्टँडवर पक्की करतात, हबवर सपाट पट्टी बसवतात आणि तिच्या दोन्ही टोकांना डायल गेज टेकवतात. मग जॅकने चाक सेंटिमीटर-सेंटिमीटर वरखाली करत दोन गेजमधला फरक वहीत मांडायचा. टाय रॉडचं बाहेरचं टोक शिमने, म्हणजे पातळ चकतीने, थोडं खाली-वर करून पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो. पण त्यातला सर्वांत उपयोगी आकडा नाक वर असतानाचा. गाडी जिथे धावते त्या उंचीवर टो शून्याच्या आसपास किंवा जरासा आत असला पाहिजे. मग उभ्या गाडीचा आकडा मशीनला आवडला नाही तरी चालेल.

अर्थात त्याआधी ढिलाई काढायची. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खट् वाजलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून वाजलं तर टाय रॉड एंड किंवा आयडलर आर्म. स्टेअरिंगला प्ले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या ओळंब्याने भिंत बांधणं. मोजताना ड्रायव्हरच्या वजनाच्या गोण्या सीटवर ठेवायच्या, हेही बरेच जण विसरतात.

फोर्डच्या जुन्या पिकअपची कहाणी वेगळी. १९६५ पासून त्यांच्या दोन चाकांनी चालणाऱ्या पिकअपना 'ट्विन आय-बीम' सस्पेन्शन होतं, एफ-१५० मध्ये ते १९९६ पर्यंत टिकलं. प्रत्येक चाक एका लांब, जाड तुळईच्या टोकाला, आणि त्या तुळईची बिजागरी गाडीच्या पलीकडच्या बाजूला. शेतात, दगडधोंड्यांत हे फार टिकाऊ. पण नाक वर गेलं की दोन्ही चाकांचे खालचे काठ आत ओढले जातात. तुळई मीटरभर धरली तर सहा सेंटिमीटरला कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, तीन अंशांहून जास्त बदलतो आणि टायर काठावर धावू लागतो. इथे शिम लावून फारसं साधत नाही. नाक किती उचलायचं यालाच पट्ट्याने किंवा शॉकअपने लगाम घालावा लागतो.

तो लगाम बाकीच्या पिकअपनाही हवा. जुने ड्रॅगवाले '९०-१०' शॉकअप लावायचे: वर जाताना जवळजवळ मोकळे, खाली येताना घट्ट. नाक पटकन उठतं, मागच्या टायरना भार मिळतो. पण मग नाक लवकर खाली येतच नाही, आणि बिघडलेला टो वाढत्या वेगावरही तसाच राहतो. वर जाताना आणि खाली येताना वेगवेगळे घट्ट करता येणारे शॉकअप आल्यापासून हा सौदा थोडा सोपा झाला आहे.

राहिला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते, तेच तत्त्व. पाच अंश कॅस्टर असेल आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर असेल, तर टायर जमिनीला टेकतो तो बिंदू स्टेअरिंगच्या आसाच्या रेषेपेक्षा सुमारे २९ मिलिमीटर मागे राहतो आणि चाक आपोआप सरळ होतं. दोन अंशांवर हेच अंतर साडेअकरा मिलिमीटर. नाक वर गेलं की कॅस्टर वाढतो, म्हणून सुटताना तो कमी असल्याचं जाणवत नाही. जाणवतं ते शेवटच्या रेषेपलीकडे. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, नाक खाली जातं, कॅस्टर घटतो, आणि नेमका तेव्हाच वेग सर्वाधिक असतो. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा नसला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. जुन्या शेवरले पिकअपमध्ये वरच्या आर्मखालचे शिम बदलून तो वाढवता येतो, आणि पॉवर स्टेअरिंग असल्यावर स्टेअरिंग जड होण्याची तक्रारही राहत नाही.

हे सगळं मोजायचं तर नाक नेमकं किती उठतं ते आधी कळायला हवं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या वर, सेंटिमीटरच्या खुणा केलेली पांढरी पट्टी चिकटवायची. मित्राला स्ट्रिपच्या कडेला, जिथे प्रेक्षकांना उभं राहू देतात तिथे, मोबाइल घेऊन स्लो मोशनवर चित्रण करायला सांगायचं. घरी येऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं की पट्टी चाकापासून किती वर गेली ते मोजता येतं. तेवढ्या उंचीवर चेसिस जॅकने उचलायची, पुढच्या-मागच्या चाकांलगत गवंडी लावतो तशी दोरी ताणायची, आणि टो पुन्हा मोजायचा.