ड्रोनला वायर का दिसत नाही?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: "सेन्सर आहेत ना, ड्रोन आपटत नाही." विकणाराही तेच सांगतो. जाहिरातीतला ड्रोन दाट झाडीतून सफाईने वाट काढत जातो. पानांनी भरलेलं झाड हा अडथळे ओळखणाऱ्या या यंत्रणेसाठी सगळ्यात सोपा पेपर आहे. मुंबईत लालबाग-परळला गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या केबलवाल्यांच्या वायरी हा अवघड पेपर, आणि तो जाहिरातीत कधी नसतो.

बहुतेक कॅमेरा ड्रोनचे हे 'सेन्सर' म्हणजे जोडीजोडीने बसवलेले छोटे कॅमेरेच. काही नव्या, महाग मॉडेलांत समोर लायडार (लेझरने अंतर मोजणारं उपकरण) असतो, पण मुख्य भिस्त कॅमेऱ्यांवरच. हाताचा अंगठा नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. हात लांब केला की उडी लहान होते. ड्रोन एवढंच मोजतो: डाव्या-उजव्या चित्रांत तीच वस्तू किती पिक्सेल सरकली. फोकल लांबीला (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, पिक्सेलमध्ये) दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतराने गुणायचं आणि त्या सरकण्याने भागायचं, की वस्तू किती लांब ते मिळतं.

आकडे घालून बघू. समजा कॅमेऱ्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे, चित्र ६४० पिक्सेल रुंद आणि दृष्टिक्षेत्र ९० अंशांचं. मग फोकल लांबी ३२० पिक्सेल येते. १ मीटरवरची भिंत ३२ पिक्सेल सरकते, १० मीटरवरची फक्त ३.२. आता मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली, तर १ मीटरवर फरक पडतो ३ सेंटिमीटरचा. १० मीटरवर मात्र तीच चूक भिंतीला साडेसात मीटरवर ओढते नाहीतर साडेचौदावर ढकलते. अंतर दहापट झालं की चूक साधारण शंभरपट. सॉफ्टवेअर पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजतं हे खरं, पण चूक अंतराच्या वर्गाने वाढते या नियमातून त्याचीही सुटका नाही.

वायरीकडे येऊ. ५ मिलिमीटर जाडीची वायर १० मीटरवर या कॅमेऱ्यात ०.१६ पिक्सेलची उमटते, म्हणजे आकाशाच्या रंगातच मिसळून जाते. संक्रांतीच्या मांज्याचं तर विचारूच नका. बरं, जवळ गेल्यावर तरी दिसेल? दिसते, पण तेवढ्याने भागत नाही. डाव्या चित्रातला ठिपका उजव्या चित्रात त्याच आडव्या ओळीत शोधायचा असतो. वायरही आडवी असेल, तर त्या ओळीत सगळीकडे सारखीच काळी रेघ. यातला नेमका कुठला ठिपका 'तोच'? शून्य पिक्सेल सरकला म्हणा की तीस, जुळणी सारखीच बसते. गणिताला उत्तरच उरत नाही. उभा खांब शेजारी-शेजारी बसवलेल्या कॅमेऱ्यांना सापडतो आणि त्याच खांबावरून निघालेली आडवी वायर निसटते, ती यामुळे. वरच्या मजल्यांपर्यंत एकसारख्या ग्रिलच्या खिडक्या असल्या तरी हाच घोळ: या खिडकीची जुळणी शेजारच्या खिडकीशी होते आणि अंतर भलतंच येतं.

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) काचेच्या इमारतींची तऱ्हा आणखी न्यारी. शाळेत शिकलोय की सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे, वस्तू जितकी पुढे तितक्याच अंतरावर असते. ड्रोनचे कॅमेरे इमानदारीने त्या प्रतिमेचंच अंतर मोजतात. काचेत आकाश दिसत असेल तर उत्तर येतं 'पुढे मोकळं आहे'. यंत्रणा बिघडलेली नसते. तिने जे पाहिलं त्याचं गणित बरोबर असतं. 'एआय'चा शिक्का मारला म्हणून प्रकाशाचे नियम बदलत नाहीत.

वेगाचंही तसंच. सेकंदाला १५ मीटर वेग आणि दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका ब्रेक धरला, तर थांबायला साडेबावीस मीटर लागतात. ५ मीटर वेगाला अडीच. साडेबावीस मीटरवरचा अडथळा कॅमेऱ्यांना धड मोजता येत नाही. म्हणूनच बऱ्याच मॉडेलांत स्पोर्ट मोड (सगळ्यात वेगाने उडण्याची सेटिंग) लावला की अडथळे टाळणं बंद होतं. लग्नाच्या वरातीवर, संध्याकाळच्या उजेडात स्पोर्ट मोड लावणाऱ्याला दंडवत. अंधारात कॅमेऱ्यांना जुळवायला काही मिळत नाही, आणि घारीसारखी अंगावर झेपावणारी वस्तू टाळणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. स्वस्त मॉडेलांना बाजूचे कॅमेरेच नसतात, तेव्हा आडवं सरकत शॉट घेताना ड्रोन त्या बाजूला आंधळा असतो. आपल्या मॉडेलला कुठल्या बाजूला डोळे आहेत ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

दसऱ्याला ड्रोनची पूजा खुशाल करा, पण कुंकवाचं बोट नेमकं पुढच्या लेन्सवर टेकवू नका. लिंबू-मिरचीच्या दोऱ्याने नजर टळत नाही, तो पंख्यात मात्र नक्की गुंततो.

राहिलं 'रिटर्न टू होम', म्हणजे सिग्नल तुटला की ड्रोनने आपोआप उड्डाणाच्या जागी परत येणं. सगळीकडे सल्ला असतो की परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा जास्त ठेवा. मुंबईत तो चालत नाही. लोअर परळचा 'वर्ल्ड वन' २८० मीटर उंच आहे आणि ग्रीन झोनमध्येसुद्धा (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) मर्यादा १२० मीटरची. (शहराचा बराच भाग ग्रीन नाहीच. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. शिवाय पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, तेही तपासा.) टॉवरच्या वरून जाता येत नाही, म्हणजे ड्रोन आणि तुम्ही यांच्यामधली सरळ रेषा मोकळी राहील अशीच जागा उड्डाणाला निवडायची. सिग्नल तुटल्यावर काय करायचं हे सेटिंगमध्ये बदलता येतं: परत ये, जागेवर थांब किंवा खाली उतर. टॉवरांच्या गर्दीत मी 'जागेवर थांब' ठेवतो आणि बॅटरी निम्म्यावर यायच्या आत परत फिरतो, म्हणजे सिग्नल गेलाच तर चार पावलं चालून तो पुन्हा पकडायला वेळ उरतो.