दहा घरांच्या पटावरचं गणित

चार वर्षांचं मूल एक ते दहा आकडे धडाधड म्हणून दाखवतं, पण ‘चार मोठे की आठ?’ असं विचारलं की अडखळतं. आकड्यांचा क्रम त्याला बडबडगीतासारखा पाठ असतो. कोणता आकडा केवढा, याचा अंदाज अजून आलेला नसतो. हा अंदाज खेळातून येतो, मात्र खेळ कसा मांडला आहे यावर फार काही अवलंबून असतं.

मानसशास्त्रज्ञ गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या १२४ मुलांबरोबर हे तपासलं. दोन आठवड्यांत १५-२० मिनिटांच्या चार बैठकी, एवढाच सोंगट्या-पटाचा खेळ. काही मुलांच्या पटावर आकडे होते, काहींच्या पटावर फक्त रंग. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांना आकडे ओळखणं, मोजणं आणि लहानमोठं ठरवणं अधिक चांगलं जमू लागलं, आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकून होतं. रंगांच्या पटावर खेळणाऱ्यांची अशी प्रगती झाली नाही.

पट घरीही करता येतो. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर एका ओळीत १० सारखी घरं आखा आणि डावीकडून उजवीकडे १ ते १० लिहा. दोन सोंगट्या आणि एक फिरकी (फिरवली की एका आकड्यावर थांबणारा काटा) घ्या. फिरकीवर १ आणि २ हेच आकडे ठेवा. सहाचा फासा घेतला तर डाव दोन-तीन दानांत संपतो आणि मोजायला काही उरत नाही.

खरी मेख सोंगटी सरकवण्यात आहे. सोंगटी ३ वर आहे आणि दान २ पडलं, तर मुलानं ‘चार, पाच’ म्हणायचं. बहुतेक मुलं (आणि मोठी माणसंही) ‘एक, दोन’ म्हणतात. सोंगटी तेवढीच सरकते, पण घरावरच्या आकड्याकडे लक्षच जात नाही. एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांच्या पटावर या दोन पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा फायदा पुढचे आकडे म्हणणाऱ्या मुलांनाच झाला. मूल चुकलं तर रागावू नका. घरावर बोट ठेवून आकडा म्हणा आणि त्याला पुन्हा म्हणू द्या.

सरळ ओळच का? कारण ८ पर्यंत पोहोचायला ४ च्या दुप्पट अंतर लागतं, दुप्पट वेळा हात हलतो, दुप्पट शब्द उच्चारले जातात, वेळही साधारण दुप्पट जातो. आकड्याचा मोठेपणा डोळ्यांना, हाताला आणि कानाला एकदमच कळतो. गोल पटावर मुलं इतकी शिकली नाहीत. सापशिडीत तर ओळींची दिशा उलटसुलट होते आणि शिडी अंतराचा हिशेबच मोडते. तो खेळ मजेचा आहे, पण या कामाचा नाही.

प्रत्येक खेळात मात्र असं शिकवायला जाऊ नये. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगात एका खेळण्यात चार करामती लपवल्या होत्या. मोठ्या माणसानं ‘हे असं चालतं’ म्हणून एकच करामत शिकवली, तेव्हा मुलं तिच्यातच अडकली. तीच करामत चुकून घडल्यासारखी दिसली, तेव्हा त्यांनी अधिक वेळ खटपट केली आणि उरलेल्याही जास्त शोधल्या. म्हणून पटावर नियम आधी सांगा. नवं खेळणं किंवा ठोकळे मात्र मुलाच्या हाती देऊन शेजारी बसा, आणि मनोरा पडला की आधी मूल काय बदलतं ते पाहा.