पार्श्वभूमी : ‘बाळदमा’ या शब्दाचा घोळ

मुलांचा दमा घरच्यांना शिकवून आटोक्यात ठेवायचा, हा विचार आपल्याकडे खऱ्या अर्थाने आला तो नव्वदीच्या दशकात. दम्याचं औषध तोंडाने ओढायचा, हातात मावणारा पंप १९५६चा, ओढून घ्यायचं स्टेरॉइड १९७२चं. तरी आपल्या दवाखान्यांत पुढे कितीतरी वर्षं श्वासनलिका रुंदावणारी थिओफिलिनची गोळी, इंजेक्शन आणि रात्रभर उशीला टेकून बसलेलं पोर हेच चित्र होतं. मृग लागला की हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणारेही होते, आजही आहेत.

१९९५च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने सांगितलं की दमा म्हणजे श्वासनलिकांची टिकून राहणारी सूज. ती सतत असेल तर त्रास नसतानाही औषध रोज घ्यायचं. अडचण इथेच आली. रोज औषध द्यायचं तर आजाराचं नाव घ्यावं लागतं. फाइलवर ‘दमा’ लिहायला डॉक्टरांचा हात धजत नसे. मग ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’, नाहीतर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’, म्हणजे लहान मुलांचा सुरुवातीचा टीबी, म्हणून सहा-सहा महिने टीबीची औषधं. यातला मधला मार्ग म्हणजे ‘बाळदमा’.

डॉक्टरांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पाच वर्षांखालच्या मुलाला नळीत नीट फुंकता येत नाही, त्यामुळे तपासणीचा आधार नसतो. सर्दीबरोबर छाती वाजणाऱ्या बऱ्याच मुलांचं हे दुखणं शाळेत जायच्या वयात थांबतंही. मग शिक्का कशाला मारा? त्यात मुलगी असली तर आजीचा पहिला प्रश्न तिच्या लग्नाचा. हे सगळं मान्य; पण या गोड शब्दाची किंमत मुलांनी मोजली, असं माझं मत. बाळदमा म्हणजे वयाबरोबर जाणारा, म्हणजे खोकला थांबला की पंप कपाटात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र.

दुसरी धास्ती ‘पंपाची सवय लागते’ आणि ‘उंची खुंटते’ ही. उंचीत साधारण एका सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे खरं आहे. पण तोंडावाटे दिलेलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, हे घरी कुणी समजावलेलंच नसतं. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, तिचंही तसंच. आई घाईने त्यात लागोपाठ दोन फवारे मारते आणि मग मुलाला ओढायला सांगते. एक फवारा, पाच-सहा श्वास, मग दुसरा, शेवटी चूळ; दाखवायला दोन मिनिटं पुरतात. स्पेसर परवडत नसेल तर अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम भागतं.

२०१९पासून बारा वर्षांवरच्यांना नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या (सूज कमी न करणाऱ्या) पंपावर ठेवू नये, अशी जागतिक शिफारस आहे. रोजचं काय, दम वाढला तर काय आणि दवाखाना कधी गाठायचा, हे लिहिलेला हिरवा-पिवळा-लाल कागदही आता काही घरांत फ्रिजवर दिसतो. त्याची प्रत शाळेत क्वचितच पोहोचते. तिथे पंप दप्तराच्या तळाशी असतो, आणि धावताना थांबलेल्या मुलाला पीटीचे सर आळशी समजतात.