अॅलर्जीच्या सर्दीवरचं अॅक्युपंक्चर

अॅलर्जीने नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, त्या त्रासासाठी अंगावर ठरावीक जागी केसासारख्या बारीक सुया टोचून करायचा हा चिनी उपचार. ही सर्दी जंतूंची नसते. नको ते नाकात गेलं की आयजीई अँटीबॉडीजमुळे (अॅलर्जीत शरीर बनवतं ती प्रथिनं) नाकातल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, मग सटासट शिंका, नळासारखं गळणारं नाक, डोळ्यांना खाज. मुंबईच्या दमट हवेत गादी-उशीतले धूळकिडे बारा महिने सुखात, पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की बुरशी, वर शेजारच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची धूळ, त्यामुळे गोळी थांबवली की शिंका परत हजर आणि मग माणसं कंटाळून सुयांकडे वळतात.

नेहमीचे पॉइंट म्हणजे नाकपुडीच्या बाजूचा यिंगशियांग, अंगठा-तर्जनीमधला हेगू आणि यिनतांग, म्हणजे आपण टिकली लावतो तीच जागा. सुया साधारण 20 ते 30 मिनिटं ठेवतात. दुखतं फार कमी, नाकाजवळची मात्र डोळ्यात पाणी आणते.

गुण येतो का? येतो, पण बेताचा. 2013 साली छापून आलेल्या जर्मनीतल्या 422 पेशंटच्या चाचणीत 8 आठवड्यांत 12 सिटिंग दिली, खोट्या, म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी त्रास आणि गोळ्या दोन्ही कमी झाले, पण 16व्या आठवड्यापर्यंत तो फरक उरला नाही. शिवाय ते पेशंट बर्च आणि गवताच्या परागकणांचे, म्हणजे सीझनवाले, आपल्या बारमाही धूळकिड्यांना तोच हिशोब कसा लावायचा? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या 2015च्या गाइडलाइनमध्येही औषध नको असणाऱ्यांसाठी हा नुसता एक पर्याय आहे, नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेची शिफारस मात्र ठामपणे केलीय. त्यामुळे 'अॅलर्जी मुळापासून घालवतो' अशी पाटी दिसली तर सरळ पुढे चालू लागावं.

भारतात अॅक्युपंक्चर म्हटलं की लोक सोलापूरच्या, मुंबईत डॉक्टर झालेल्या द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतात, पण 1938 साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी 1959 साली कोलकात्यात ही पद्धत सुरू केली. महाराष्ट्रात आता यासाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका. सुई सीलबंद पाकिटातली, एकदाच वापरायची हवी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं, आणि शिंकांबरोबर छातीत घरघर होत असेल तर आधी दम्याची तपासणी, सुया नंतर.