अमान्सिओ डिसिल्वा आणि 'इंडो-जॅझ' हे लेबल

मुंबईच्या जॅझचा विषय निघाला की बोलणं हॉटेलांच्या बॅण्डवरून गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यांवर आणि तिथून हिंदी सिनेमाच्या अरेंजरांवर येतं. अमान्सिओ डिसिल्वा हे नाव त्यात सहसा येत नाही. १९३६ साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेल्या या गिटारवादकाचं मोलाचं काम लंडनमध्ये झालं, म्हणून असेल. पण तेवढंच कारण नाही. त्यांच्या संगीतावर जे लेबल लागलं, त्यानेही ते झाकून टाकलं.

मुंबईतल्या वर्षांबद्दल थोडक्यात. डिसिल्वा हॉटेलांत आणि क्लबांत वाजवत. जयपूरच्या महाराणींनी त्यांना गिब्सन गिटार घेऊन दिली. पुढे 'जयपूर' नावाची त्यांची रचनाही आली. १९६७ मध्ये ते लंडनला गेले.

तिथे 'इंडो-जॅझ' हा शब्द आधीच रुळला होता. १९६६ मध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले एक व्हायोलिनवादक-संगीतकार यांनी मिळून एक रेकॉर्ड केली होती. एका बाजूला जॅझवाले, दुसऱ्या बाजूला सतार, तंबोरा आणि तबला. तबल्यावर आपले केशव साठे होते. रचना रागांवर बेतलेल्या आणि बऱ्याच अंशी आधी लिहून ठेवलेल्या होत्या. प्रयोग धाडसी होता, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण तिथे दोन संगीतं शेजारी बसतात, आळीपाळीने बोलतात. ऐकणाऱ्याला सांधा दिसतो.

डिसिल्वांची गोष्ट निराळी होती. १९६९ च्या 'इंटिग्रेशन' या रेकॉर्डमध्ये आणि त्याच वर्षी हॅरियटसोबत केलेल्या 'हम दोनो'मध्ये ती स्पष्ट ऐकू येते. 'हम दोनो'च्या वाद्यांची यादीच पाहा: अल्टो सॅक्सोफोन, ट्रम्पेटच्या घराण्यातलं फ्लूगलहॉर्न, गिटार, डबल बेस, ड्रम्स आणि एका गायिकेचा शब्दांविना आवाज. सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. जे काही भारतीय आहे ते चालींमधून आणि गिटारमधून येतं. गिटारला सतारीसारख्या तरफा, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा, नसतात आणि पडद्यावर तार लांबवर ओढून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढण्याची सोयही फारशी नसते. तरीही सूर कुठे रेंगाळायचा आणि कुठून परत फिरायचा, याची जाण वेगळी आहे हे लगेच कळतं. 'बॅलड फॉर गोवा' ऐकताना तर जॅझ कुठे संपला आणि गोवा कुठे सुरू झाला, हा प्रश्नच मनात येत नाही.

म्हणून 'इंडो-जॅझ' हा जोडशब्द इथे लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. मधल्या जोडरेघेत दोन वेगळी घरं गृहीत धरलेली असतात. मुंबईच्या गोवेकर वादकाच्या घरात चर्चचं संगीत, मांडो हा गोव्याचा गीतप्रकार, पोर्तुगीज वळणाची गाणी, नाचाचे बॅण्ड आणि रेडिओवरचं हिंदुस्थानी संगीत हे सगळं आधीपासूनच एकत्र नांदत होतं. जोडायला काही उरलं नव्हतं. लंडनच्या जाणकारांनी मात्र सतार असो वा नसो, पूर्वेचं ते सारं एकाच खणात टाकलं. त्या खणात आधी आलेल्या जोडीची चर्चा झाली, आणि डिसिल्वा 'त्याच प्रकारातले आणखी एक' ठरले.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट १९७२ ची. त्या वर्षी डिसिल्वांची 'कोंकण डान्स' ही रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली आणि बाजारात न येता तशीच पडून राहिली. त्यानंतरच्या जानेवारीत हॅरियट गेले, आणि ब्रिटनमधली ही सगळी लाटही ओसरली. डिसिल्वा १९९६ मध्ये गेले. 'कोंकण डान्स' लोकांच्या हाती पडली ती २००६ मध्ये.

मग संग्राहकांचं लक्ष गेलं. 'हम दोनो'च्या मूळ प्रतींना मोठी किंमत येऊ लागली, रेकॉर्ड नव्याने छापलीही गेली. पण आजही तिच्यावर चिठ्ठी लागते ती 'इंडो-जॅझ'चीच.